आकडा कुठला, ते आधी सांगा

(कोल्हापूर येथील बैठकीतील भाषणाचा मजकूर. कोरडवाहू जिल्ह्यांच्या बैठकांत वाचून दाखवण्यासाठी.)



कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्या माणसांनी कोल्हापुरात येऊन काय ऐकायचे, असे तुमच्यापैकी काही जणांना वाटले असेल. इथे ऊस आहे, नदी आहे, बारमाही पाणी आहे. आपल्याकडे विहीर जानेवारीत तळ दाखवते. पण आज जो विषय आम्ही मांडणार आहोत, तो समजून घ्यायला कोल्हापूरइतका चांगला जिल्हा दुसरा नाही.

या जिल्ह्याच्या पश्चिमेला घाटमाथ्यावर गगनबावडा आहे. तिथे वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, एखाद्या वर्षी त्याच्याही वर जातो. पूर्वेला शिरोळ आहे. तिथे ५००-६०० मिलिमीटर पडला तरी वर्ष बरे गेले म्हणतात. दोन्ही गावांत सरळ रेषेत ८०-९० किलोमीटरचे अंतर. जिल्हा एक, कलेक्टर एक, आणि पाऊस आठपट-दहापट वेगळा. आता कोणी कागद काढून सांगितले की, कोल्हापूर जिल्ह्यात सरासरी इतका इतका पाऊस झाला, तर त्या आकड्याचे करायचे काय? तो गगनबावड्याच्याही कामाचा नाही आणि शिरोळच्याही कामाचा नाही. बेरीज-भागाकार बरोबर आहे, पण तो पाऊस ज्याच्या रानात पडला असा माणूस सापडत नाही.

म्हणून आजचा प्रश्न साधा आहे. यंत्राने मोजलेला आकडा समोर आला की तो किती आहे हे आपण विचारतो. तो कुठला आहे आणि 'कुठला' हे सांगताना चूक किती धरली आहे, हे आपण विचारत नाही. ते विचारायची वेळ आता आली आहे. कारण आपल्या शिवारात आता तारेविना बोलणारी यंत्रे येऊ लागली आहेत. पाऊस मोजणारी, मातीतली ओल मोजणारी, पानावरचे दव मोजणारी. खिशातला मोबाइल हेही त्यातलेच एक यंत्र. भरपाईचा, खरेदीचा, बांधाचा निकाल हळूहळू या यंत्रांच्या तोंडून लागू लागला आहे.

राजाराम बंधाऱ्याचा आकडा

आधी ज्या आकड्यावर लोकांचा विश्वास आहे तो पाहू. पंचगंगेवर राजाराम बंधारा आहे. पावसाळ्यात सारा जिल्हा तिथली पाणीपातळी विचारत असतो. ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी. हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. पाणी चढू लागले की आंबेवाडी, प्रयाग चिखली या गावांत जनावरे हलवायची तयारी होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हे पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तशीच वेळ आली.

या आकड्यात एवढी ताकद कुठून आली? मोजपट्टी कुठे आहे ते सगळ्यांना माहीत आहे. ती जागा बदलत नाही. तिचा शून्य कुठे आहे ते ठरलेले आहे. आणि तिथे ४३ फूट झाले म्हणजे आपल्या उंबऱ्यापासून पाणी किती लांब आहे, हे प्रत्येक गावाने पिढ्यान्‌पिढ्या ताडून पाहिले आहे. जागा पक्की, शून्य पक्का आणि त्या जागेचा आपल्या घराशी संबंध पक्का. या तीन गोष्टी असल्या की आकड्यावर माणूस बिऱ्हाड हलवतो. यातली एक जरी नसेल, तर नुसता आकडा ऐकून कोणी गोठ्याचे दावे सोडणार नाही.

वीतभर नरसाळे, दीडशे चौरस किलोमीटर

आता आपल्याकडचा आकडा घ्या. महाराष्ट्रात २०१७ पासून महावेध प्रकल्पातून महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. त्या वेळी २,०६५ मंडळांत ती बसवायचे ठरले. काम मोठे झाले, यात शंका नाही. एके काळी तालुक्याच्या गावी एक पर्जन्यमापक आणि त्याच्यावर साऱ्या तालुक्याचा न्याय, अशी गत होती.

पण हिशेब करून पाहा. राज्याचे क्षेत्र सुमारे ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर. त्याला २,०६५ ने भागले की एका केंद्राच्या वाट्याला सरासरी १५० चौरस किलोमीटर येतात. म्हणजे १२ किलोमीटर लांब, १२ किलोमीटर रुंद एवढे शिवार. त्यात वीसेक गावे. आणि पाऊस धरणारे नरसाळे वीतभर तोंडाचे. वळवाचा किंवा परतीचा ढग कसा बरसतो हे तुम्हाला सांगायला नको. ओढ्याच्या अलीकडे चिखल, पलीकडे धुरळा. ऑक्टोबरात कापसाची बोंडे उकललेली असतात, खरिपाच्या ज्वारीचे कणीस भरलेले असते, त्या वेळी हा फरक म्हणजे वर्षाची कमाई असते.

अतिवृष्टी ठरवण्याचा निकष आहे २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस, आणि तो मंडळात मोजायचा. केंद्रावर ६२ मिलिमीटर पडले आणि आठ किलोमीटरवरच्या तुमच्या रानात ९० पडले, तर कागदावर अतिवृष्टी झालीच नाही. उलटही होते. केंद्रावर ७० आणि तुमच्याकडे ४०. तेव्हा आपण तक्रार करत नाही, हेही मान्य केले पाहिजे. दोष यंत्राचा नाही. त्याने आपल्या नरसाळ्यात पडले तेवढे इमानाने मोजले. दोष आहे तो एका जागेचा आकडा सगळ्या जागांना लावण्यात, आणि लावताना ती जागा कोणती हे न सांगण्यात.

केंद्र शासनाने २०२३ मध्ये 'विंड्स' नावाचा कार्यक्रम आणला. त्यात तालुका पातळीवर हवामान केंद्र आणि ग्रामपंचायतीत स्वयंचलित पर्जन्यमापक, असे धोरण आहे. दिशा योग्य आहे. पण ग्रामपंचायतीचा मापक गावात नेमका कुठे उभा राहणार? पाण्याच्या टाकीशेजारी, कडुलिंबाखाली, की मोकळ्या मैदानात? नियम सांगतो की, झाड किंवा भिंत जेवढी उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर मापक हवा. दहा मीटर उंच झाड असेल तर वीस मीटर लांब. हे पाहायला इंजिनिअर लागत नाही, टेप लागतो.

यंत्राला स्वतःची जागा कशी कळते

आता यंत्र आपली जागा कशी ओळखते ते पाहू. हे समजले म्हणजे त्याच्या चुकाही समजतात.

मोबाइलमधले जागा सांगणारे यंत्र आकाशातल्या उपग्रहांचे ऐकते. अमेरिकेच्या जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह सतत सांगत असतो, "मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजले." तो निरोप प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला ३ लाख किलोमीटर या गतीने येतो. निरोप यायला किती वेळ लागला त्यावरून उपग्रह किती लांब आहे ते कळते. अशी निदान चार उपग्रहांपासूनची अंतरे मिळाली की फोन आपली जागा काढतो.

म्हणजे सगळा खेळ घड्याळाचा आहे. एका सेकंदाचे दहा लाख भाग केले आणि त्यातला एक भाग चुकला, तर अंतर ३०० मीटरने चुकते. म्हणून उपग्रहावर आण्विक घड्याळे असतात. आपल्या देशाने स्वतःचे उपग्रह सोडले. पहिला १ जुलै २०१३ रोजी गेला, सातवा एप्रिल २०१६ मध्ये. या व्यवस्थेला 'नाविक' नाव मिळाले. पुढे त्या पहिल्या उपग्रहावरची तीनही आण्विक घड्याळे बंद पडली. उपग्रह जागेवर होता, पण घड्याळ गेले म्हणजे जागा सांगायच्या कामातून तो गेला.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे शंभर मीटरपर्यंत फरक पडे. २ मे २००० पासून ती मिसळ बंद झाली आणि एका रात्रीत जगभरची यंत्रे सुधारली. यंत्रे तीच होती. अचूकता कोणाला किती द्यायची, हे कोणीतरी ठरवत होते.

आज उघड्या आकाशाखाली साधा मोबाइल तीन ते दहा मीटरच्या आत जागा सांगतो. झाडाखाली, भिंतीलगत, घळीत चूक वाढते. रस्ता शोधायला ही अचूकता पुष्कळ झाली. पण शेताला?

पाच मीटर म्हणजे किती गुंठे

एक एकर चौरस रान घ्या. त्याची बाजू सुमारे ६४ मीटर. एका बाजूचा बांध पाच मीटर सरकला तर सव्वातीन गुंठ्यांचा फरक पडतो. आता भावाभावांत लांबट पट्ट्या पडलेल्या आहेत असे धरा. २०० मीटर लांब, २० मीटर रुंद, तेवढेच एक एकर. तिथे पाच मीटर सरकले तर सुमारे १० गुंठे गेले. एकरातला पाव हिस्सा!

आपल्या पूर्वजांच्या रानाची मोजणी साखळीने झाली. १८३६ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मुंबई इलाख्यातल्या जमीन मोजणीची घडी बसवली. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर. त्या साखळीचा एक आणा म्हणजे दोन फूट आणि पाऊण इंच, सुमारे ६३ सेंटिमीटर. म्हणजे साखळी धरणारा माणूस आण्यापर्यंत मोजत होता, आणि आजचा मोबाइल पाच-पाच मीटर इकडेतिकडे सांगतो. यंत्र नवे आहे म्हणून ते जास्त बारीक मोजते, असे मानायचे कारण नाही.

मोबाइलची ही चूक ज्या ठिकाणी आपल्याला रोज भेटते, ती म्हणजे ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या गटात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि यंत्राने त्या जागेची नोंद घ्यायची. आपले पीक आपण नोंदवायचे, ही कल्पना आम्हाला पसंत आहे. पूर्वी तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, चावडीत बसून पेरा लिहीत, तो प्रकार आपण पाहिलेला आहे. पण सातबाऱ्यावर कापसाची नोंद नसेल तर कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर अडचण येते, नुकसानीचा पंचनामा अडतो. म्हणून या नोंदीत जागेची चूक झाली तर ती थेट पैशाची चूक होते.

स्वतःच्या रानात उभे राहावे आणि फोनने सांगावे की तुम्ही गटाबाहेर आहात, असे का होते? दोन कारणे आहेत आणि ती वेगवेगळी ओळखता आली पाहिजेत.

पहिली चूक फोनची. ती स्थिर नसते. ठिपका इकडेतिकडे हिंडतो. मोकळ्या जागी पाच-दहा मिनिटे थांबले की बहुधा कमी होते.

दुसरी चूक नकाशाची. आपले गाव नकाशे साखळीच्या मोजणीतून, कागदावर, आपापल्या गावापुरते काढलेले. त्यांना अक्षांश-रेखांशाची गाठ मारलेली नव्हती. ती आता संगणकावर मारली जात आहे. भारतात जुन्या नकाशांसाठी पृथ्वीचा जो आकार गृहीत धरत, तो आणि जीपीएस जो आकार धरते तो, एक नाही. कागद आटतो, फाटतो, जोडताना सरकतो. त्यामुळे सगळे शिवारच्या शिवार नकाशात एका बाजूला सरकलेले असू शकते. ही चूक दिवसभर उन्हात उभे राहिले तरी कमी होत नाही.

ओळखायचे कसे? आपल्या शिवारात हद्दीचे जुने दगड आहेत. तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तिथेही दगड असतो. असे तीन-चार दगड निवडा. प्रत्येकाजवळ मोकळ्यावर फोन धरून पाच मिनिटे थांबा आणि ठिपका नकाशावर कुठे पडतो ते लिहा. प्रत्येक दगडापाशी ठिपका वेगळ्याच बाजूला पडत असेल, हिंडत असेल, तर चूक फोनची आहे. सगळीकडे सारख्याच दिशेला, सारख्याच अंतराने पडत असेल, तर नकाशा सरकलेला असण्याचा मोठा संभव आहे. मग एकट्याने ॲपशी भांडू नका. ती साऱ्या गावाची तक्रार आहे, ग्रामसभेत मांडा आणि त्या तीन-चार नोंदी सोबत जोडा.

बांधाचा निकाल मात्र मोबाइलवर कधीही लावू नका. त्यासाठी भूमी अभिलेख खात्याकडे रोव्हर नावाचे यंत्र आले आहे. सर्व्हे ऑफ इंडियाने राज्यात सत्तराहून अधिक ठिकाणी कायमची संदर्भ केंद्रे उभारली आहेत, त्यांना कॉर्स म्हणतात. त्या केंद्राची जागा आधीच अगदी नेमकी मोजलेली असते. उपग्रह त्याला जी जागा सांगतात आणि ते खरोखर जिथे आहे, यांतला फरक ते दर क्षणी काढते. तोच फरक तुमच्या रानातल्या रोव्हरला कळवला जातो आणि तो आपल्या आकड्यातून वजा करतो. त्यामुळे चूक मीटरवरून काही सेंटिमीटरवर येते. वजन-काट्यावर आधी माहीत असलेले माप टाकून काटा किती खोटा आहे ते पाहावे आणि मग आपला कापूस मोजावा, तशी ही रीत आहे.

हाकेवरून अंतर

आता शेतातल्या बिनतारी खुंट्यांकडे वळू. नाशिकला द्राक्षबागेत मुंबईच्या आयआयटीने ॲग्रिसेन्स नावाने असा प्रयोग केला. हवा, ओलावा, पानावरचे दव मोजून रोगाचा अंदाज घ्यायचा, हा हेतू. द्राक्षाला तो खर्च पेलतो. पण आपल्यासारख्या कोरडवाहू शेतकऱ्यांसाठीही एक प्रयत्न झालेला आहे. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या पावगड तालुक्यात चन्नकेशवपुर गाव आहे. तिथे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथील विद्यापीठाने मिळून २००४ नंतरच्या काही वर्षांत मातीतली ओल मोजणारे बिनतारी जाळे बसवून पाहिले. पावसाच्या भरवशावर भुईमूग करणाऱ्यांना माहिती मिळावी, यासाठी.

अशा जाळ्यात पंचवीस-पन्नास खुंट्या असल्या तर प्रत्येकीत जीपीएस घालणे महाग पडते आणि ते बॅटरी खाते. म्हणून थोड्या खुंट्यांची जागा मोजून पक्की करतात. बाकीच्या त्यांच्यावरून आपली जागा काढतात. कशी? हाकेवरून.

एक रीत अशी की, हाक जितकी बारीक ऐकू येते तितका माणूस लांब. खुंटीचा संदेश क्षीण आला म्हणजे ती दूर आहे, असे यंत्र धरते. पेरणीला रान मोकळे असते तेव्हा हे बऱ्यापैकी जमते. पण ज्वारी डोक्याच्या वर गेली, पाने ओली झाली, की त्यातले पाणी रेडिओची लहर शोषून घेते. हाक बारीक होते. खुंटी आपल्या जागेवर आणि यंत्राला वाटते ती लांब गेली. म्हणजे आषाढात बसवलेला हिशेब भाद्रपदात चुकतो.

दुसरी रीत हाक पुढे देण्याची. शिवारात माणसे एकमेकांना हाक देत निरोप पोचवतात तशी. दोन पक्क्या खुंट्यांमध्ये ३०० मीटर आहेत आणि निरोप सहा टप्प्यांत पोचला, म्हणजे एक टप्पा सरासरी ५० मीटरचा. मग जी खुंटी पक्क्या खुंटीपासून दोन टप्प्यांवर आहे ती अंदाजे १०० मीटरवर. खुंट्या सारख्या पसरल्या असतील तर हे चालते. मध्ये विहीर, ओढा किंवा घर आले आणि निरोप वळसा घालून गेला, की अंतर फुगते.

आणि एक मोठी खोच आहे, ती खुंट्या बसवायला येणाऱ्याला आपण विचारलीच पाहिजे. पक्क्या खुंट्या रस्त्याच्या कडेने, एकाच बांधावर, एका रेषेत ठोकायची सवय असते. गाडी तिथवर जाते ना! पण तीन दोऱ्या घ्या, तिन्ही एका सरळ बांधावरच्या तीन खुंट्यांना बांधा आणि टोके ताणून एका ठिकाणी आणा. ते ठिकाण बांधाच्या उत्तरेला मिळते आणि तेवढ्याच दोऱ्यांनी दक्षिणेलाही मिळते. यंत्राला दोन्ही सारखेच. तुमच्या रानातली ओल शेजाऱ्याच्या रानात दाखवली जाऊ शकते. म्हणून एक तरी पक्की खुंटी बांधापासून आत, रानाच्या दुसऱ्या बाजूला हवी. एवढे केले तर ही अडचण सुटते, एक रुपया जास्त लागत नाही.

आपल्या रानात खुंटीची जागा का महत्त्वाची आहे ते तुम्ही जाणता. एकाच गटात खाली काळी भारी जमीन असते आणि वर मुरमाड पट्टी. दोहोंत वीस मीटरचे अंतर असेल. काळीतली ओल दाखवणारा आकडा मुरमाडीचा म्हणून वाचला, तर ज्वारी तिथे करपून जाईल आणि कागद सांगेल की ओल भरपूर आहे. डवरणीच्या वेळी खुंटी उपटून बाजूला ठेवतात आणि काम झाल्यावर दिसेल तिथे खोचतात. यंत्र जुनीच जागा सांगत राहते. तेव्हा खुंटी बसवताना बांधाच्या दोन दगडांपासून टेपने अंतर मोजून वहीत लिहा आणि काढली तर तिथेच परत लावा. पन्नास रुपयांची वही पुष्कळ वेळा महागड्या हिशेबाचे काम करते.

कामापुरती अचूकता

सगळीकडे सेंटिमीटर हवेत, असा आमचा हट्ट नाही. पर्जन्यमापकाची जागा दहा मीटरने चुकीची लिहिली तरी बिघडत नाही; तो आपल्या रानापासून आठ किलोमीटर लांब आहे, हे बिघडते. ओल मोजणाऱ्या खुंटीला दोन-तीन मीटरची चूक चालेल, वीस मीटरची चालणार नाही. पीक पाहणीला गट ओळखण्याइतकी अचूकता हवी. बांधाला मात्र सेंटिमीटरच पाहिजेत. जसे काम तशी अचूकता, आणि जेवढी अचूकता आहे तेवढेच काम तिच्याकडून घ्यायचे. पाच मीटर चुकणाऱ्या यंत्राला वीस मीटरच्या पट्टीचा न्यायाधीश करायचे नाही.

यावरून आपल्या मागण्या निघतात. त्या चार आहेत.

एक. प्रत्येक हवामान केंद्राची आणि पर्जन्यमापकाची जागा, ते कधी बसवले आणि शेवटचे कधी तपासले, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिलेले असावे.

दोन. नुकसान नाकारणाऱ्या कागदावर आकडा कोणत्या केंद्राचा आणि ते केंद्र आमच्या गटापासून किती किलोमीटरवर, हे लिहावे. निकषाच्या काठावर आकडा असेल तर शेजारच्या मंडळांचे आकडे आणि प्रत्यक्ष पाहणी विचारात घ्यावी.

तीन. मोबाइलची जेवढी चूक असते तेवढी सूट शेतकऱ्याला मिळावी. फोन स्वतःच सांगतो की मी इतके मीटर चुकू शकतो. तेवढ्या अंतरात गटाची हद्द येत असेल तर नोंद मान्य व्हावी. यंत्राच्या चुकीचा भुर्दंड माणसाने का सोसावा?

चार. गाव नकाशे संगणकावर बसवताना हद्दीचे जुने दगड रोव्हरने मोजून घ्यावेत, दोन्ही बाजूंच्या खातेदारांसमोर, आणि त्या नोंदी गावात ठेवाव्यात.

मागण्या पुऱ्या होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. प्रत्येक गावात चार दिशांना चार साधे पर्जन्यमापक ठेवा. शाळा, सोसायटी, एखादी वस्ती, मंदिर. झाडापासून लांब. रोज सकाळी ८.३० ला मोजा, कारण हवामान खात्याचा दिवस तेव्हा बदलतो. वहीत लिहा, दोघांच्या सह्या घ्या. ही वही सरकारी आकड्याची जागा घेणार नाही. पण मंडळाचे केंद्र ६२ सांगत असताना गावातल्या चार मापकांनी ८५, ९०, ८८ आणि ९२ दाखवले असतील, तर तहसीलदारांसमोर बोलायला आपल्या हातात काही असेल. आज तिथे आपण मोकळ्या हाताने जातो आणि "साहेब, खूप पाऊस झाला हो" एवढेच सांगतो.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना दोन कागद घेऊन या. एक, तुमच्या मंडळाचे हवामान केंद्र कुठे उभे आहे, त्याच्या भोवती काय आहे आणि ते तुमच्या गावापासून किती लांब आहे. दुसरा, हद्दीच्या तीन-चार दगडांजवळ फोनचा ठिपका कुठे पडला. शंभर गावांचे असे दोनशे कागद एकत्र झाले की जिल्ह्याच्या ठिकाणी कोणत्या टेबलावर ठेवायचे ते आपण तेव्हा ठरवू.